‘एनजीओवाला’ ही शिवी नेमकी कुणाला?

आमच्या माजी सैनिकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मागच्या महिन्यात एक मेसेज फिरत फिरत आला. ‘देशातल्या सगळ्या एनजीओ बंद करा, निम्मे प्रश्न आपोआप सुटतील.’ खाली अंगठे, तिरंगे आणि ‘एकदम बरोबर साहेब’ यांची रांग लागली. मी एवढंच लिहिलं, “सगळ्या? खडकीचं पॅराप्लेजिक सेंटरसुद्धा?”

पाच-दहा मिनिटं ग्रुप शांत. मग एका जुन्या दोस्ताने लिहिलं, “सुभेदार साहेब, तुम्ही पण झोळी घेतली का खांद्याला?”

ग्रुपवर मी उत्तर दिलं नाही. अंगठ्याने टाइप करत भांडण्याइतका हा विषय छोटा नाही. म्हणून इथे सविस्तर लिहितोय. ज्याने झोळीचा प्रश्न विचारला त्याने शेवटपर्यंत वाचावं, मग हवं तर शिव्या घालाव्यात.

आधी खडकीचं. पाठीच्या कण्याला इजा होऊन ज्यांचे पाय किंवा चारही अवयव गेले, अशा जवानांसाठी ते केंद्र १९७४ पासून चालतं. ती एक स्वायत्त संस्था आहे आणि तिच्या खर्चाचा मोठा भाग लोकांच्या देणग्यांतून येतो. आपल्या बायका ज्या ‘आवा’च्या कार्यक्रमांना जातात, तीही नोंदणीकृत स्वयंसेवी संस्थाच. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी आपापल्या तालुक्यात माजी सैनिक संघटना काढल्या आहेत. त्या कुठल्या कायद्याखाली नोंदवल्या ते एकदा सर्टिफिकेट काढून बघा. बहुतेकांच्या कागदावर १८६० चा सोसायटी नोंदणी कायदाच सापडेल. ज्याला आपण शिवी म्हणून वापरतो ते नाव आपल्याच दारावर लिहिलेलं आहे.

आता पोस्टिंगकडे वळतो.

१९९० च्या सुमारास आमची कंपनी महाजनला गेली होती. बिकानेर जिल्ह्यातली ही फायरिंग रेंज फौजेतल्या पुष्कळांनी खाल्लेली आहे. अक्षरशः खाल्लेली, कारण तिथल्या डाळीत डाळ कमी आणि वाळू जास्त. मी तेव्हा नवा सॅपर. आमचं काम पाण्याचं. वॉटर पॉइंट लावायचा, टँकर भरायचे, हिशेब ठेवायचा. त्या निमित्ताने लूणकरणसरला फेऱ्या व्हायच्या.

तिथे एका चहाच्या टपरीवर मी एक दृश्य बघितलं. डोक्यावरून पदर ओढलेली एक बाई, हातात वही आणि पिशवी. समोर तिच्या दुप्पट वयाचा, खोकून खोकून वाकलेला एक माणूस. ती त्याला चक्क झापत होती. त्याने गोळी तिच्यासमोर गिळली, वर पाणी प्यायला, तेव्हाच ती उठली. मी टपरीवाल्याला विचारलं, “डॉक्टरनी है क्या?” तो हसला. “नहीं फौजी, उरमूल वाली है.”

उरमूल म्हणजे काय ते मला नंतर हळूहळू कळलं. बिकानेरच्या दूध संघाच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांतून हे नाव आलं. १९८० च्या दशकात या संघाच्या आधाराने एक ट्रस्ट निघाला आणि त्याचं काम उभं केलं संजय घोष नावाच्या तरुणाने. हा मुलगा आणंदच्या ग्रामीण व्यवस्थापन संस्थेत शिकलेला. मुंबई-दिल्लीत गलेलठ्ठ पगार मिळवता आला असता. तो गेला लूणकरणसरला. इंदिरा गांधी कालव्याच्या पट्ट्यातल्या ढाण्यांमध्ये क्षयरोगाने माणसं मरत होती. क्षयाचं औषध देशात होतं, सरकारी दवाखान्यातही होतं. अडचण पुढची होती. दोन महिने गोळ्या घेतल्या की माणसाला बरं वाटतं आणि तो गोळ्या सोडतो. मग रोग परत येतो आणि या वेळी औषधाला दाद देत नाही. त्या माणसाच्या ढाणीपर्यंत वाळू तुडवत जाऊन ‘गिळ माझ्यासमोर’ म्हणणारं कुणीतरी हवं होतं. सरकारकडे ते कुणीतरी नव्हतं. उरमूलने ते गावातल्याच बायकांमधून तयार केलं.

१९८७ चा भयंकर दुष्काळ आला तेव्हा या लोकांनी लोकरीची सूतकताई आणि विणकाम हाती घेतलं, म्हणजे जनावरं मेली तरी घरात दोन पैसे येत राहतील. बज्जूच्या बाजूला १९७१ च्या युद्धात सिंधकडून आलेली कुटुंबं वसली होती. त्यांच्या बायकांच्या हातात पिढ्यान्‌पिढ्यांचं भरतकाम होतं. त्या कशिद्याला बाजार मिळवून देण्याचं कामही तिथेच उभं राहिलं. ७१ ची लढाई आपण जिंकली, मेडल घेतली, स्मारकं बांधली. त्या लढाईत घरदार सोडून आलेल्या बाईच्या चुलीत काय जळतं, हे बघायला आपल्यातलं कोण गेलं होतं? माझ्यासकट कुणी नाही. दरवर्षी रेंजवर जाऊन वाळूत गोळे टाकले आणि परत आलो.

हे सगळं मी विसरूनही गेलो असतो. पण २००४ च्या पुरात आमचा फ्लड रिलीफ कॉलम वरच्या आसामात उतरला. मी तेव्हा हवालदार. ब्रह्मपुत्रेतल्या माजुली बेटाकडे जायला जोरहाटजवळच्या निमाती घाटावरून बोटी सुटतात. आमच्या बोटीवर वाट दाखवायला एक स्थानिक नावाडी दिला होता. नदी अशी पसरलेली की पलीकडचा काठ दिसतच नाही. एका ठिकाणी त्याने हात दाखवून मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं, “ये किनारा हम लोग खुद बांधा था. संजय के टाइम में.”

“कौन संजय?”

“एनजीओ वाला. संजय घोष. राजस्थान से आया था. ले गया उसको. मार दिया.”

मला टपरीवरची ती वहीवाली बाई आठवली. तोच माणूस होता.

तो एप्रिल १९९६ मध्ये काही सहकाऱ्यांना घेऊन माजुलीला आला. या बेटाची गोष्ट ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. एकेकाळी हजार-बाराशे चौरस किलोमीटर असलेलं हे बेट नदी दरवर्षी खात आली आहे. आज निम्म्याहूनही कमी उरलं आहे. माणूस संध्याकाळी ज्या शेताच्या बांधावर उभा असतो, ते शेत सकाळी नदीत गेलेलं असतं. आता मी सॅपर आहे, काठ बांधणं हे माझ्या शिकवणुकीतलं काम. म्हणून पुढचं वाक्य जबाबदारीने लिहितो. नदीच्या काठावर माती टाकण्याच्या कामात जितकी चोरी होऊ शकते तितकी दुसऱ्या कुठल्याही बांधकामात होत नाही. इमारत खराब बांधली तर ती समोर उभी राहून साक्ष देते. पाण्यात गेलेल्या मातीचं मोजमाप कोण घेणार? शंभर ट्रक टाकले की वीस, हे एक पूर आला की पुसून जातं, आणि पुढच्या वर्षी नवीन टेंडर निघतं.

संजय घोष आणि त्याच्या साथीदारांनी १९९७ च्या सुरुवातीला गावकऱ्यांना घेऊन काठाचा एक पट्टा श्रमदानाने बांधून काढला. साहित्य तिथलंच, हात गावाचेच, आणि खर्च सरकारी अंदाजापेक्षा कितीतरी कमी. लोकांना एक गोष्ट कळली. काठ बांधता येतो, आणि तो इतक्या पैशात बांधता येतो. मग पुढचा प्रश्न त्यांच्या तोंडून आपोआप येणार होता. आजपर्यंतचे पैसे गेले कुठे?

४ जुलै १९९७ रोजी उल्फाने त्याला पळवून नेलं आणि ठार मारलं. वय अवघं ३७. त्याचं शव आजपर्यंत सापडलेलं नाही.

आता माझ्या ग्रुपवरच्या दोस्तांनी नीट ऐकावं. उल्फाने त्याच्यावर आरोप काय ठेवला? हा भारत सरकारचा हेर आहे, गुप्तहेर संस्थेचा माणूस आहे. आपण मेसमध्ये काय म्हणतो? हे एनजीओवाले परदेशाचे हेर आहेत. म्हणजे जंगलातल्या बंदूकवाल्याला तो दिल्लीचा एजंट वाटतो आणि छावणीतल्या बंदूकवाल्याला परदेशाचा. दोन्ही बाजूंना पुरावा लागत नाही. गावात एक बाहेरचा माणूस येतो, लोकांना हिशेब विचारायला शिकवतो आणि स्वतः काही मागत नाही, एवढ्यावर संशय पुरतो. काठाच्या टेंडरवर ज्यांचं पोट होतं त्यांनाही तो नको होता, असं आसामात तेव्हापासून बोललं आणि लिहिलं गेलं आहे. विना हत्यार, विना एस्कॉर्ट, बायकामुलांचा संसार असलेला माणूस अशांत भागात जाऊन राहिला. आपण तिथे जातो तेव्हा हातात हत्यार असतं, मागे बटालियन असते, आणि काही झालंच तर घरी पेन्शन असते. या माणसाला झोळीवाला म्हणून हसायचा हक्क आपल्याला कुणी दिला?

आता आपल्या घरातलं बोलतो, कारण दुसऱ्याच्या घराकडे बोट दाखवणं सोपं असतं.

विकासाचं काम फौजही करते. जम्मू-काश्मीरमध्ये १९९८ पासून ऑपरेशन सद्भावना चालू आहे. शाळा, दवाखाने, शिवणाची केंद्रं. ईशान्येतही सिव्हिक ॲक्शनच्या नावाने युनिटं कामं करतात. त्यातल्या एका कामात मी स्वतः होतो. आसामातल्या बऱ्याच भागात जमिनीखालच्या पाण्यात लोह फार. पाणी पिवळं, चव गंजाची, भातही तांबूस होतो. आम्ही एका गावात लोह गाळायचा फिल्टर बसवला. सिमेंटचा चौथरा, टाकी, नळ, आणि वर युनिटचं चिन्ह रंगवलेली पाटी. साहेबांनी फीत कापली, मुलांना लाडू वाटले, फोटो निघाले. आम्हाला मनापासून वाटलं की आपण चांगलं काम केलं. हेतूत खोट नव्हती.

दोन वर्षांनी त्या बाजूला पुन्हा गेलो. टाकीतली वाळू एकदाही धुतलेली नव्हती. नळ गायब. खालच्या खोलगट भागात एका घरच्या बदकांनी संसार मांडला होता. शेजारच्या अंगणात बघतो तर म्हातारी आजी जुन्या ड्रममध्ये वाळू आणि कोळशाचे थर रचून स्वतःचं पाणी गाळत होती. “ये कबसे?” मी विचारलं. तिने सांगितलं ते असं, की तिची सासूसुद्धा असंच गाळायची.

पूर्ण गावाला फिल्टर माहीत होता, आणि आम्ही त्यांना फिल्टर शिकवायला गेलो होतो. फिल्टर लावण्याआधी एकाही बाईला विचारलं नव्हतं की तुम्ही पाण्याचं काय करता. आणि विचारलं असतं तरी, वाळू बदलायची आठवण करायला आम्ही राहिलो असतो का? युनिटचं रोटेशन असतं. आमच्या जागी आलेल्या युनिटने गावाच्या दुसऱ्या टोकाला स्वतःची नवीन पाटी लावली होती.

तेव्हा विकासाच्या कामाबद्दल मला एक धडा मिळाला. काम उभं करणं सोपं आहे. ते कुणाच्या हातात सोडून जायचं हे आधी ठरवावं लागतं. फौजेत हॅन्डिंग-टेकिंग ओव्हर केल्याशिवाय स्टोअरमधली एक पेटीसुद्धा सोडता येत नाही. मग गावाचा फिल्टर आम्ही कुणाच्या सहीवर सोडला?

हा धडा हाती आहे म्हणूनच मी आता एनजीओंनाही सोडणार नाही.

त्याच पुरात मी एक दृश्य बघितलं जे डोक्यातून जात नाही. संस्थेचं नाव लिहीत नाही. बांधावर ताडपत्रीखाली माणसं बसलेली. एक गाडी आली. त्यातून आधी बॅनर उतरला, मग कॅमेरा, मग चिवड्याची आणि गुळाची पाकिटं. एका बाईला पाकीट दिलं, फोटो घेतला. फोटोत बॅनर नीट आला नाही म्हणून पाकीट परत घेतलं आणि पुन्हा दिलं. ती बाई दोन दिवसांची उपाशी होती. आमच्या एका जवानाने पुढे होऊन काही बोलू नये म्हणून मला त्याचा दंड धरावा लागला. खरं सांगायचं तर माझाच हात शिवशिवत होता.

अशा संस्था आहेत, आणि भरपूर आहेत. सर्वोच्च न्यायालयासमोर सीबीआयने जी माहिती ठेवली होती त्यानुसार देशात ३० लाखांहून अधिक नोंदणीकृत संस्था आहेत आणि त्यांतल्या दहा टक्क्यांहूनही कमी संस्था आपले हिशेब नियमाने सादर करतात. हा आकडा लाजिरवाणा आहे. काही संस्था फक्त कागदावर आहेत. काही पुढाऱ्यांच्या मेव्हण्यांच्या आहेत. काहींचं सगळं काम हॉटेलातल्या कार्यशाळेत होतं आणि त्याला ‘क्षमता बांधणी’ असं नाव असतं. गरिबीवर बोलायला विमानाने येणारे तज्ज्ञ मी पाहिले आहेत. यांच्या हिशेबाला कुलूप लावायला सरकार आलं तर मी कुलूप धरून उभा राहीन.

पण ‘हिशेब द्या’ आणि ‘बंद करा’ या दोन वेगळ्या ऑर्डर आहेत. एका जवानाने रायफल नीट साफ केली नाही म्हणून कुणी पलटण बरखास्त करत नाही.

परदेशी पैशाचा मुद्दा घेऊ, कारण मेसेजमध्ये सगळ्यात मोठ्या अक्षरात तोच होता. परदेशी देणग्यांवरचा कायदा १९७६ चा, आणीबाणीतला. २०१० मध्ये तो नव्याने आला आणि २०२० मध्ये त्यात मोठे बदल झाले. परदेशी देणगी आता दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एका ठरावीक शाखेतल्या खात्यातच यावी लागते. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली. आणि एका संस्थेने घेतलेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेला देणं बंद झालं. पैसा कुठून येतो यावर सरकारची नजर हवी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. सीमेवर तीस वर्षांजवळ काढलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. एका ठरावीक खात्यालाही माझी हरकत नाही.

तिसऱ्या कलमाला मात्र आहे. फौजेच्या भाषेत सांगतो. पुढच्या पोस्टवरच्या दहा जवानांचं रेशन थेट दिल्लीहून येत नाही. ते बेसवर येतं, बेस ते पुढे पाठवतो. बेसला सांगितलं की तुझं रेशन तूच खा, पुढे पाठवू नकोस, तर बेस गुटगुटीत राहील आणि पोस्ट उपाशी मरेल. ढाणीतली चार बायकांची संस्था इंग्रजीत प्रस्ताव लिहू शकत नाही, दिल्लीत खातं सांभाळू शकत नाही. तिला मोठ्या संस्थेकडून वाटा मिळायचा. तो रस्ता बंद झाला. ज्यांच्याकडे वकील आणि सीए आहेत त्या बड्या संस्था यातूनही तरतील. ज्यांना आपण झोळीवाले म्हणून झोडपतो ते खरे झोळीवाले मात्र मरतील.

आणि परदेशी पैसा नको, तर देशी पैसा कुठे आहे? २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायला लावलं, ही चांगली गोष्ट. पण हा पैसा जातो कुठे बघा. कंपनी जिथे आहे तिथे. आपला महाराष्ट्र त्यात सगळ्यात पुढे, आणि ईशान्येच्या वाट्याला चिमूटभर. कारखान्याच्या गेटसमोरच्या शाळेला तिसऱ्यांदा रंग लागतो, आणि ज्या भागात कारखानाच नाही तिथे रंगही नाही आणि शाळाही नाही. सीमेवरची गावं रिकामी होतात म्हणून आपण चिंता करतो. त्या गावांत राहून काम करायला कोण तयार आहे, आणि त्याला पगार कोण देणार, हा प्रश्न आला की ग्रुपवर एकही अंगठा येत नाही.

मग देशाच्या उभारणीत या संस्थांचं काम नेमकं काय? माझ्या मते टेहळणीचं. मुख्य फौज पुढे सरकण्याआधी एक छोटी तुकडी जाते. नाला कुठे ओलांडता येईल, सुरुंग कुठे आहेत, पूल किती वजन पेलेल, हे ती बघून येते. ती तुकडी संपूर्ण प्रदेश धरून ठेवू शकत नाही, तिच्याकडून ती अपेक्षाही नसते. तिने रस्ता दाखवायचा, आणि मुख्य फौजेने त्या रस्त्याने यायचं. मुख्य फौज म्हणजे सरकार.

हे आपल्या देशात झालेलं आहे. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्या बायकांना नवजात बाळाची घरीच काळजी घ्यायला शिकवलं. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. ३९ गावांत नवजात बालमृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी घटलं होतं. २०११ मध्ये केंद्र सरकारने हाच विचार आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर नेला. ब्रह्मपुत्रेच्या चरांवर, जिथे रस्ता पोचूच शकत नाही, तिथे २००५ मध्ये एका संस्थेने दवाखान्याची बोट सोडली. तीन वर्षांत राज्याच्या आरोग्य मोहिमेने तिच्याशी हात मिळवला आणि अशा बोटी जिल्ह्याजिल्ह्यांत फिरू लागल्या. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ मध्ये गावागावांत जनसुनावण्या घेऊन सरकारी कामांची हजेरीपत्रकं मोठ्याने वाचायला सुरुवात केली. त्या लढ्याच्या वाटेने २००५ चा माहिती अधिकार कायदा आला. आता ग्रुपवर हात वर करा. पेन्शनच्या फरकासाठी, सर्व्हिस रेकॉर्डमधल्या चुकीसाठी आरटीआयचा अर्ज कुणीकुणी टाकला? ज्या कागदावर तुम्ही सही केलीत तो कागद झोळीवाल्यांनी आणि मजुरांनी भांडून मिळवलेला आहे.

सरकारलाही इथे दोन शब्द. टेहळणीची तुकडी परत आली आणि म्हणाली, ‘पूल कच्चा आहे साहेब’, तर शहाणा कमांडर तिच्यावर देशद्रोहाचा ठपका ठेवत नाही. तो पूल दुरुस्त करतो. ज्याला फक्त ‘सब ठीक है’ ऐकायचं असतं त्याचे रणगाडे नाल्यात जातात. दुसरं असं, की तुकडीलाच मुख्य फौज समजू नका. शिक्षक भरायचे नाहीत, डॉक्टर नेमायचे नाहीत, आणि गावची शाळा-दवाखाना एखाद्या संस्थेला अकरा महिन्यांच्या करारावर द्यायचा, याला लोकसहभाग म्हणत नाहीत. ही पोस्ट सोडून पळणं झालं. आणि अशी करारावर जगणारी संस्था पूल कच्चा आहे हे कधीच सांगणार नाही, कारण पुढच्या वर्षीचा करार तिला हवा असतो.

राहिला प्रश्न, चांगली संस्था ओळखायची कशी? मी निवृत्त झाल्यापासून कुणी देणगी मागायला आलं की चार गोष्टी विचारतो. तुम्ही त्या गावात किती वर्षं आहात, आणि तुमचा माणूस रात्री कुठे झोपतो? काम सुरू करण्याआधी गावात कुणाला विचारलंत? हिशेब गावासमोर, गावाच्या भाषेत वाचता का? आणि शेवटचं, तुम्ही निघून गेलात तर हे काम कोण चालवेल? चौथ्या प्रश्नावर बरेच जण चुळबुळ करतात. ज्याच्याकडे उत्तर असतं त्याला मी पैसे देतो. माझी पेन्शन फार मोठी नाही, पण देतो.

राजस्थानात या चौथ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं. संजय घोषच्या पश्चात त्याच्या पत्नीने, सुमिता घोष यांनी, ‘रंगसूत्र’ नावाची कंपनी उभी केली. तिच्यात कशिदा काढणाऱ्या, विणणाऱ्या कारागीर बायकाच भागधारक आहेत. नवऱ्याला मारून टाकल्यावर कुणीही म्हणालं असतं, पुरे झाला देश. त्यांनी तसं म्हटलं नाही. मी हे वाचलं तेव्हा आमच्या त्या फिल्टरवरची पाटी आठवून मान खाली गेली.

माजी सैनिकांनो, आपल्याकडे जे आहे ते फार थोड्या लोकांकडे असतं. शिस्त आहे, हिशेबाची सवय आहे, देश फिरून झाला आहे, महिन्याला पेन्शन येते, आणि वयाच्या पन्नाशीत अंगात अजून जोर आहे. राळेगणसिद्धीत पाणी अडवणारा माणूस आपल्यातलाच, फौजेत गाडी चालवणारा. त्याच्या नंतरच्या आंदोलनांबद्दल मतं काहीही असोत, गावात त्याने पाणी आधी अडवलं आणि भाषणं नंतर केली. आपल्या तालुक्यात एक तरी संस्था अशी असेल जी खरं काम करते आणि जिला हिशेब लिहायला माणूस मिळत नाही. जा आणि तिची वही लिहा. आणि एखादी चोर असेल तर तिच्या वार्षिक सभेत उभं राहून ताळेबंद मागा. दोन्ही कामं ‘फॉरवर्ड’ दाबण्यापेक्षा अवघड आहेत, म्हणूनच ती आपली आहेत.

झोळीचं विचारणाऱ्या दोस्ताला उत्तर देऊन थांबतो. नाही रे बाबा, अजून घेतली नाही. तेवढी लायकी यायची आहे. पण गेल्या वर्षापासून दर गुरुवारी आमच्या तालुक्यातल्या एका छोट्या संस्थेत जातो, क्षयाच्या रोग्यांची यादी घेऊन सायकलवर फिरतो. परवा एका म्हाताऱ्याला दम देऊन गोळी गिळायला लावली. घरी येताना लूणकरणसरची ती बाई आठवली. तिने हे काम वाळूत, पदर सांभाळत, भर उन्हात केलं होतं. मला तर डांबरी रस्ता आहे.

पुढच्या गुरुवारी ये. दोन सायकली आहेत.

जय हिंद.